सोनूबाईंचं लख्ख ताट

मला कुणी आहारतज्ज्ञ म्हणालं की अजून कानशिलं तापतात. का ते सांगते, चहा घ्या तोवर.

शिकत असताना मला उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात पाठवलं होतं. पेशंटला वाढलेल्या ताटाचं वजन करायचं, जेवल्यावर उरलेल्याचं करायचं आणि त्यावरून पोटात किती जीवनसत्त्वं गेली ते काढायचं. पालेभाजी सगळेच टाकायचे. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून आलेल्या सोनूबाईंचं ताट मात्र रोज लख्ख. मी ते उलटंपालटं करून बघायचे, मगच काट्यावर ठेवायचे.

राउंडला मी ऐटीत म्हटलं, "सर, यांना सगळी जीवनसत्त्वं पूर्ण मिळतायत."

डॉक्टरांनी सोनूबाईंना आ करायला लावला. तोंड आलेलं, आत सगळं लालबुंद. "मग हे बरं का होत नाही?"

मी विचारलं, "मावशी, भाजी खाता ना?"

"कुठली, बाय? झोंबते. मागल्या दारी कुत्र्याला घालते."

"मग ताटात काहीच कसं नसतं?"

"खरकटं ताट कुणाच्या हातात देतात का? घासून, पदराने पुसून देते."

वॉर्डात हशा पिकला. मीही हसले. म्हटलं, "अहो, पण इतकं लख्ख कशाला घासायचं?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "तू रोज माझं ताट उलटंपालटं करायचीस. मला वाटलं, आम्ही कातकरी म्हणून ताट स्वच्छ आहे का बघतेस. मग मी राख मागून आणली."