उपरण्याखालची रजा

दमलेला माणूस आपण होऊन कधी सांगतो काय? आमचा आप्पा बघा. निपाणीतल्या आमच्या वखारीसाठी तंबाखूची खरेदी तोच करायचा. एका हंगामात त्याचे हात थरथरायला लागले, जेवण तुटलं. शेवटी मीच त्याला बेळगावात कॅम्पातल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली, तर ह्यानं सवयीनं त्यांच्या हातावर उपरणं टाकलं आणि त्यांची बोटं दाबायला सुरुवात केली!

डॉक्टर दचकले. मी म्हटलं, “साहेब, आमच्या बाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली, बोटांनी.”

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “ह्यांना दोन महिने रजा द्या. डोकं पार शिणलंय.”

आप्पा घाबरला. “अण्णा, तवर माझ्या जागी दुसरा बसंल की!”

“न्हाय रं, जागा तुझीच.”

“असं समदेच म्हणत्यात.”

खोटं नव्हतं ते. तोंडचा शब्द बाजारात रोज फिरतो. कापडाखालचा फिरलेला मी पाहिला नाही. मग मीच उपरण्याखाली हात घातला आणि त्याची पाची बोटं गच्च धरली.

आप्पानं उपरणं उचलून खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, “बरं. उद्यापास्नं येत न्हाय.”