बुधवारचा आणि रविवारचा

तुमच्या घरी मुलींची पत्रं फोडत असतील, माझे बाबा वारांवर पाळत ठेवतात. कुवेतच्या खैतान भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ट्रान्झिस्टर फक्त गच्चीवर नीट लागतो, आणि मी एका इटालियन फुटबॉल क्लबच्या मागे वेडी आहे. इटालियन कळत नाही, पण खेळाडूंची नावं आणि गोल झाल्यावरची बोंब कळते. त्यांच्या देशातली लीग रविवारी असते आणि युरोपातल्या क्लबांची स्पर्धा बुधवारी.

बाबांनी एकदा जिन्यातच अडवलं. "शुक्रवारी सगळ्या कुवेतला सुट्टी, तेव्हा तू घरात. मग रविवारी आणि बुधवारीच गच्चीवर कोण भेटतं?"

"मॅच असते, बाबा."

"मुलगी आणि फुटबॉल? थाप तरी पटेल अशी मार. बुधवारचं हे थांबलं नाही, तर तुझी नोकरी सोडून पुण्याला मामाकडे जायचं. तो स्थळ बघेल."

नेमका त्याच आठवड्यात क्लब हरून युरोपच्या स्पर्धेतून बाहेर पडला. मी डोळे सुजवून खाली आले. पुढच्या बुधवारी गच्चीवर गेलेच नाही. आईने काही न विचारता शिरा केला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "होतं असं. विसरशील हळूहळू." म्हटलं, काय समजायचं ते समजू दे, पुणं तर टळलं.

रविवारी ट्रान्झिस्टर घेऊन दाराशी पोचले, तर आतून बाबा आईला सांगत होते, "बुधवारचा सुटला गं. पण रविवारचा अजून आहे."