चोप आणि चोपडी

पुन्हा तोच किस्सा सांगायला लावता, आणि चहा अर्धाच पाजता. बरं, ऐका.

सुरतेजवळ उधन्याच्या आमच्या चाळीत घरोघरी टीव्ही आला, मी येऊ दिला नाही. नात मागायला लागली की तिच्या हातात गोष्टीचं पुस्तक द्यायचो. मला वाचता येत नाही, तिला येतं, म्हणजे झालं. ती गुजराती शाळेतली, पुस्तकाला चोपडी म्हणायची.

भुसावळहून माझी विहीण शेवंताबाई आली. कानाने कमी, तोंडाने जास्त. तिने नातीला विचारलं, "टीव्ही मागितला तर आबा काय करतात गं?"

"चोपडी देतात."

"चोप देतात? रोज?"

"रोज. जाड असली की मजा येते."

मी कामावरून आलो, तर विहीणबाई पोरीचे कपडे पिशवीत भरत होत्या. "हिला मी नेते. एवढ्याशा जिवाला रोज देता, लाज नाही वाटत?"

मला वाटलं, पुस्तकांचं बोलतेय. म्हटलं, "भल्यासाठीच देतो. तुमच्या लेकीलाही लहानपणी असंच दिलं असतं, तर सरळ झाली असती."

तिने पोरीला ओढत दारापर्यंत नेलं. तिचा आरडाओरडा ऐकून शेजारी जमले आणि पोरीला मारतो म्हणून मलाच बोल लावू लागले. पोरगी हात सोडवून आत पळाली आणि तिने पुस्तकांचा गठ्ठा आणून पिशवीत कोंबला. "आजी, चोपड्यांशिवाय मी येणार नाही."

विहीणबाईंनी एक पुस्तक उघडलं, मिटलं, आणि पिशवी खाली ठेवली.

नात माझ्याकडेच राहिली, वाचत राहिली. माझं झकास चाललं. गैरसमज झालेल्या शेजाऱ्यांनी माफी मागितली. मागायची राहिली आहे ती एकट्या शेवंताबाईने.