एकच डबा

टस्कनीत ऑलिव्हच्या घाण्यावर नंबर लावला की जो तो आपापल्या क्रेटवरच बसून राहतो. जरा उठलं, की शेजाऱ्याची किडकी फळं आपल्यात जायची. शेजारच्या मळ्यातली नोर्मा गुडघे चोळत तशीच बसली होती. रांगेत तिच्या पुढे ओरेस्ते आणि त्याची धाकटी बहीण वेलिया, एकमेकांकडे पाठ करून. घाणेवाला दीनो त्यांच्यापाशी येऊन थांबला.

“दोघांचाही माल थोडा आहे. एवढ्याशासाठी वेगवेगळा घाणा लागत नाही. एकत्र टाकू?”

“हिच्या झाडांना माशी लागलीय.”

“आणि ह्यानं खाली पडलेली वेचलीत, ते नाही सांगत.”

“दीनो, तिला सांग, जाळं अंथरून झाडावरनं काढलीत.”

“मी कशाला सांगू? ऐकतेय ती. लवकर ठरवा, व्हिलावरचे पाहुणे घाणा बघायला येताहेत. यंत्र बंद दिसायला नको.”

“बाबा दोन्ही उतारांवरची फळं एकत्रच गाळायचे,” वेलिया म्हणाली.

“तेव्हा उतार एकाच घरात होते.”

“टाकू का?”

“टाक.”

“टाक एकदाचं.”

धार लागली तसा दीनोने भाजलेला पाव तेलात बुडवून दोघांच्या हातात दिला.

“घशाला झोंबतंय.”

“ताजं तेल झोंबायलाच हवं.”

“डबे दोन लावू ना?”

“एकच लाव. माझ्या घरी वाटून घेऊ. ह्याला घर आठवत असेल तर.”

“येईन. आधी तो कुत्रा बांधून ठेव.”

“कुत्रा जाऊन चार वर्षं झाली, दादा.”