सोनाजी पाटलांची चार बुकं

अकोल्याच्या कापूस बाजारात बैलबंड्यांची रांग लागली होती. मनकर्णा तिथंच कोहळं कापून विकत बसली होती. पुढच्या बंडीवरचे सोनाजी पाटील मागच्या सहदेवाशी बोलत होते, आणि त्यांचा आवाज असा की तिनं ऐकू नये म्हटलं तरी ऐकू यावं.

“कापसाले भाव आला म्हणून मुंबईची छापील बुकं आणली. चारही भिकार.”

“काहून, पाटील?”

“एक राजकन्येचं. या पानावर थे जंगलात रडून राहिली, पान उलटलं त मांडीवर दोन लेकरं. लगन कवा झालं, पत्ता नाई.”

“दुसरं?”

“वैद्यकीचं. खोकल्याचं औषध सुरू होते, अन् पायाच्या भेगांवर संपते. शेतीच्या बुकात त पेरलं का लगेच वेचणी. निंदन काय त्याच्या बापानं केलं?”

“अन् चौथं?”

“प्रवासाचं. मानूस बैलगाडीनं काशीले निघाला, अन् जहाजात उलट्या करून राहिला. पाह्य, हे घे.”

सहदेवानं बुक उलटसुलट पाहिलं.

“पाटील, ही पानं वरून जुळेल हायेत. मधातही छापेल दिसते. नव्या बुकाची पानं सुरीनं कापा लागतेत. कापली नाई काय?”

“पोथीले सुरी लावतेत काय? आमच्या घरी असं पाप होत नाई.”

“पन मधात मजकूर हाये ना.”

“बाहेरचा असा, त मधातला कसा असन? तुले पाह्यजे त ने चारही.”

पाटलांनी बाकीची तीनही त्याच्या बंडीत टाकली. सहदेवानं सुरीसाठी मनकर्णेकडं हात केला. तिनं सुरीचा गर पदराला पुसला आणि सुरी त्याला दिली.

रांग हलली. सोनाजींनी बैल हाकले, पण मान मागंच.

“सहदेवा, राजकन्येचं आंधी काप. मले काई वाचाचं नाई. लगन कोनासंग लागलं, तेवढं सांग.”