हाताला लागलेलं अत्तर

माझा जन्म इथलाच, ग्वाल्हेरचा. आमची माणसं मूळची साताऱ्याकडची, फौजेबरोबर इकडे आली म्हणतात, पण सातारा मी पाहिलेला नाही आणि आता पाहायची हौसही नाही. वडील रिसाल्यात घोड्यांना नाल ठोकायचे. आम्ही चौघी बहिणी, त्यामुळे त्यांनी फार चौकशा केल्या नाहीत, मुलगा महालात नोकरीला आहे एवढं ऐकलं आणि मला देऊन टाकलं. लग्नानंतर कळलं की नोकरी आबदारखान्यात आहे, म्हणजे जिथून सगळ्या महालाला प्यायचं पुरवलं जातं तिथे, पाणी, सरबतं, आणि खाली तळघरात विलायती बाटल्या. आमच्या ह्यांच्याकडे त्या बाटल्याच होत्या. माझी आई ऐकून रडायलाच लागली, म्हणाली पोरीला दारुड्याच्या घरात टाकली. काय सांगू बाई तुम्हाला, त्या माणसाच्या पोटात आयुष्यभरात एक घोट गेला नाही. तोंडात घ्यायचे, गालात फिरवायचे, पीकदाणीत टाकायचे आणि वर कोमट पाण्याची चूळ. गिळली तर पुढची बाटली खोटी लागते म्हणायचे.

आणि त्या नाकापायी घरात कायदे किती! ते कामावर जाईपर्यंत फोडणी नाही, कांदा कापायचा नाही, देवापुढे उदबत्ती लावायची तीसुद्धा ते गेल्यावर. सासूबाई कुरकुरायच्या, म्हणायच्या देवाला थांबवतोस आणि बाटलीला थांबवत नाहीस. मी नवी नवरी, पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले, तिथे मनगटाला अत्तर लावलं, गजरा दिला, मी आपली खुशीत घरी आले तर हे दारातूनच म्हणाले, तू आज मागच्या खोलीत बस. रडले मी. मग समजलं की यात राग-लोभ काही नाही, सोनार जसा तराजूवर धूळ बसू देत नाही तसं आहे. समजल्यावर मला सोपं गेलं. मला कारण कळलं की मी कुरकुर करत नाही.

थोरली मुलगी शाळेत जायला लागली तशी मीही महालात लागले, काचेचे पेले धुवायला. हे काम बायकांकडेच होतं, पुरुषांच्या हातून पेले फुटतात. साबण नाही, राख नाही, कोमट पाणी आणि जुन्या धोतराचं फडकं, बस. धुण्याआधी पेला नाकाला लावायचा ही सवय मला कशी लागली ते मलाच माहीत नाही. ह्यांनी एकदा पाहिलं, म्हणाले, सांग काय येतं? मी म्हटलं, भिजलेलं पोतं. तर हे हसायला लागले, म्हणाले, शाबास, बूच सडलं होतं. तिथून रोज परीक्षा. कुठे जांभूळ, कुठे कातडं, कुठे ओली माती. जीभ मी कधी लावली नाही, पण नाक माझं तयार झालं.

त्यात एक सफेद वाइन होती. फ्रान्स आणि जर्मनीच्या शिवेवरच्या डोंगरातली, असं हे सांगायचे. नाव इतकं लांब की मला आजही घेता येत नाही, आम्ही तिला फुलवाली म्हणायचो. हे तिला फार जपायचे. रंग उन्हात धरलेल्या मधासारखा, पातळ नव्हे, पेला फिरवला की काचेवरून जाड धारा सावकाश उतरायच्या. आणि वास, वास म्हणजे सुकत आलेला गुलाब, त्याच्या मागे मोगरा, त्याच्या मागे पिकलेली लिची. हे म्हणायचे, वास गोड म्हणून फसू नको, तोंडात ती गोड नाही, तुपासारखी भरून राहते आणि सगळं गेल्यावर शेवटी संत्र्याच्या सालीसारखी जरा कडू लागते, ते कडूपण आहे तोवर ती जिवंत. तिच्या बारा बाटल्या उरल्या होत्या.

मग संस्थान विलीन झालं. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच की महालातलं काय खाजगी आणि काय सरकारी याच्या याद्या व्हायला लागल्या. गालिचे, घोडे, झुंबरं, आणि माणसंसुद्धा. कुणाला नव्या राज्याच्या नोकरीत घ्यायचं, कुठल्या जागेवर. सरकारी पाहुण्यांच्या बंगल्यावर भांडारप्रमुखाची एक जागा होती, पक्की, मानाची, आणि ह्यांच्या हातात दुसरं काही हुन्नर नव्हतं. महालाचे कारभारी आमच्या घरी येऊन सांगून गेले की सरकारी समिती येणार, बाटल्या पारखणार, चांगल्या ठेवणार, बिघडलेल्या फेकणार, आणि सांभाळणारा कामाचा आहे की नाही तेही त्याच दिवशी ठरणार. जमलं तर बंगला, नाही जमलं तर कचेरीत दफ्तरी, म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधायचे. हे म्हणाले, जमेल. मलाही वाटलं जमेल. बावीस वर्षं तेच केलं होतं.

आता माझी चूक सांगते, ती माझीच आहे. दरबारात आलेल्या माणसाला अत्तर-गुलाब-पान दिल्याशिवाय निरोप नाही, ही इथली जुनी रीत. पण ती निघताना द्यायची. कारभारी काळजीत, म्हणाले, वहिनी, हे नवे लोक काम झालं की मोटारीत बसून निघून जातात, मागच्या वेळी अत्तरदाणी धरून मी पायरीवर तसाच उभा राहिलो. मी चटकन बोलले, मग आधीच देऊन टाका ना, मान मिळाला की माणूस नरम पडतो. माझ्या डोक्यात आलंच नाही बाई. अत्तर पाहुण्यांना लागेल, ह्यांना कोण लावतं? बावीस वर्षांत कधी कुणी लावलं नव्हतं. अत्तरदाणी मीच चिंचेने घासून लखलखीत करून दिली.

सकाळी दहाला सगळे तळघरात आले. समितीचे मुख्य होते ते खादीवाले साहेब, इंदूरकडचे, चेहऱ्याने फार भले. बरोबर मुंबईच्या मोठ्या हॉटेलातले एक गोव्याचे गृहस्थ, पारख करायला आणलेले. कारभाऱ्यांनी वाकून अत्तरदाणी पुढे केली. गोव्याच्या गृहस्थांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, हसून म्हणाले, माफ करा, माझं काम आहे. तिथेच आम्हाला समजायला हवं होतं. साहेबांनी मात्र लावून घेतलं, खूश झाले, आणि मग काय मनात आलं त्यांच्या, कारभाऱ्यांच्या हातून अत्तरदाणी घेतली आणि सरळ ह्यांच्यापुढे गेले. म्हणाले, आबदार साहब, अब न कोई राजा न कोई नौकर, अब सब बराबर हैं, आप भी लीजिए. आणि स्वतःच्या हाताने ह्यांच्या उजव्या हाताला अत्तर चोळलं, वर गुलाबदाणी घेऊन तोंडावर गुलाबपाणीही शिंपडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मागे पेल्यांचं तबक घेऊन उभी. ह्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना नाही म्हणता आलं असतं का? एवढा मोठा माणूस आपल्याला साहब म्हणतो, आपल्या हाताला हात लावतो. मी तबक ठेवलं, धावत जाऊन बेसन आणि पाणी घेऊन आले, ह्यांच्यासमोर धरलं. साहेब म्हणाले, अरे बाई, पानी-वानी बाद में, देर हो रही है. कारभाऱ्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, मान घालवू नका म्हणून. मी वाडगा घेऊन मागे सरले. आणि खरं म्हणजे बेसनाने जातं का ते? गुलाबाचं अत्तर होतं, चंदनात काढलेलं, दोन दिवस उतरत नाही.

पहिल्या बाटल्या निभावल्या. लाल होत्या, तीन, त्यांना त्यांचा असा जबरदस्त वास. मग फुलवाली उघडली. ह्यांनी पेला झरोक्यातून येणाऱ्या उन्हात धरला. रंग पहिल्यापेक्षा गडद झाला होता, तिथेच त्यांच्या मनात शंका आली असणार. नाकाला लावला. काढला. डाव्या हातात घेतला, परत लावला. पण मिशीवर गुलाबपाणी होतं ना! मला त्यांचा चेहरा पुस्तकासारखा वाचता येत होता. ते हिशोब करत होते की हा गुलाब माझ्या हाताचा, हा गुलाब माझ्या मिशीचा, तो काढून टाकला तर पेल्यात काय उरलं? तोंडात घेतली, फिरवली, टाकली. मान हलवली. म्हणाले, साहब, ये मर चुकी है.

गोव्याच्या गृहस्थांनी चाखली. डोळे मिटून तोंडात घोळवत राहिले, पीकदाणीत टाकायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं. मग म्हणाले, ही तर भरात आहे, अजून दहा वर्षं जाईल. भला माणूस, ह्यांच्याकडे वळून म्हणाले, आबदारजी, परत एकदा घ्या, घाई नाही. मी मनात म्हणत होते, घ्या हो, नाक सोडा, जिभेच्या टोकाला शेवटचं काय उरतं तेवढं बघा, संत्र्याची साल. मी खोकले. दोनदा खोकले. पदर डोक्यावर, समोर चार पुरुष, पेले धुणारी बाई तिथे काय बोलणार? आणि बोलले असते तर नवऱ्याला बायकोने खोटं पाडलं म्हणून जास्तच वाईट झालं असतं. ह्यांनी परत घेतली आणि परत तेच सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

सगळे वर गेले. मी पेले गोळा केले. ह्यांच्या पेल्यात दोन बोटं उरली होती. मला तर कुणी अत्तर लावलं नव्हतं. मी पेला नाकाला लावला आणि मला कळलं. तरी म्हटलं खात्री करावी, म्हणून जन्मात पहिल्यांदा तोंडात घेतली, आणि टाकायचं कसं ते काही मला येत नव्हतं, गिळली. गुलाब, मोगरा, लिची, सगळं जागच्या जागी. शेवटी ते कडूपण, कितीतरी वेळ. मग मी पेला धुतला.

घरी जाताना नई सडकेपर्यंत हे पुढे आणि मी मागे. तिथे गर्दीत थांबले आणि विचारलं, तू पेला हुंगलास ना? खरं सांग. मी म्हटलं, हो, मेलेलीच होती. माझ्या तोंडून निघून गेलं. त्या वेळी त्या माणसाकडे त्याच्या नाकाशिवाय काही उरलं नव्हतं, ते मी कसं काढून घेणार?

पण त्याचं पुढे असं झालं की हे अर्ज लिहायला लागले. माझी पारख बरोबर होती, परत चाचणी घ्यावी, माझ्या घरचीही साक्ष आहे. घरची साक्ष म्हणजे मी! दफ्तरी म्हणून इंदरगंजच्या कचेरीत दिवसभर गठ्ठे बांधायचे आणि घरी येऊन अर्ज. मुलगी हिंदीत नक्कल करून द्यायची, ती चिडायची, म्हणायची, आई, बाबांना समजाव ना, अब छोड़ो भी. मी काय समजावणार? नऊ वर्षं मीच अर्ज टपालात टाकतेय. एकदाही वाटेत फाडला नाही, तेही माझ्याच्याने झालं नाही.

आता परत नवं राज्य झालं. राजधानी भोपाळला, गठ्ठे ट्रकांत भरून चाललेत, नोकरांच्या याद्या परत लागताहेत. त्या हलवाहलवीत फुलवालीची एक बाटली निघाली, नमुना म्हणून लाखेने बंद करून ठेवलेली. नवा अधिकारी तरुण आहे, त्याने ह्यांचा अर्ज वाचला, म्हणाला, बाबूजी, एवढी वर्षं लिहिताय तर यादी पक्की व्हायच्या आत उघडूनच बघू. तुमचं खरं निघालं तर जागेचं बोलतो. झालं. पंधरा दिवस घरात कांदा नाही, उदबत्ती नाही, ह्यांनी मिशीसुद्धा काढून टाकली.

आज अकराला उघडणार म्हणून सकाळीच गेलेत. जाताना म्हणाले, तू तर जाणतेसच. मी मान हलवली. आज हाताला अत्तर नाही. ती जिवंत असेल तर त्यांना पहिल्याच वासात कळेल, त्या दिवशीची चूक कळेल आणि माझं खोटंही कळेल. म्हणून मी सकाळपासून देवासमोर बसून मागतेय की नऊ वर्षांत ती मेलेली असू दे. इतकी चांगली वस्तू, तिचं मरण मागतेय मी. अजून दहा वर्षं जाईल म्हणाले होते ते गोव्याचे गृहस्थ, आणि त्यांचं नाक पक्कं होतं.

साडेबारा झाले ना? म्हणजे येतीलच आता. तुम्ही बसा बाई, जेवूनच जा. काय झालं म्हणून त्यांना विचारू मात्र नका. ते आत येऊन माझ्याकडे बघतील, तेवढ्यात मला कळेल.