दसऱ्याला घासलेली बंदूक

पोलिसांसमोर फुशारकी मारू नये, ही अक्कल मला साठी उलटल्यावर आली बघा.

आमचे पणजोबा बडोदे सरकारात नोकरीला होते. त्यांची ठासणीची बंदूक आमच्या बडोद्यातल्या समा भागातल्या फ्लॅटमध्ये भिंतीवर असते. दसऱ्याला तिची पूजा, बाकी वर्षभर धूळ. शेजारी म्हणाले, "कागद करून घ्या, उगाच लफडं नको." म्हणून बंदूक उचलली आणि बायकोला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो.

साहेबांनी बंदूक उलटीसुलटी करून पाहिली. "काका, नंबर क्यां छे?"

"नंबर नाहीये साहेब."

"नंबर घासून काढणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आपण बंदुकीची किती निगा राखतो, हे साहेबांना कळायला नको? म्हटलं, "दर दसऱ्याला मी स्वतः राख लावून घासतो. चांगला तासभर!"

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे तुम्हीच घासलंत?"

दारातला हवालदार दोन पावलं आत आला.

तेवढ्यात बायको पुढे झाली. "साहेब, लग्नाला तीस वर्षं झाली. यांनी घासलेलं चहाचं पातेलं मला रोज पुन्हा घासावं लागतं. यांच्या हातून पोलादावरचा नंबर निघेल?"

साहेबांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'बंदुकीवर मुळातच नंबर नव्हता.'

दुसरा पुरावा त्यांनी मागितलाच नाही.